हायफन बंद

सुनंदा, आज सकाळी नवीन फाईल उघडली आणि माऊसवर हात ठेवून मी नुसतीच बसून राहिले. कशासाठी थांबलेय ते जरा वेळानं कळलं. गेली सतरा वर्षं मी नवीन फाईल उघडली की मागच्या खुर्चीवरून तुझा आवाज यायचा, "हायफन बंद केलं का?" मी म्हणायचे, "नाही केलं आणि करणारही नाही." मग तू उठून यायचीस, माझ्या खांद्यावरून हात घालून माझाच माऊस माझ्या हातातून काढून घ्यायचीस आणि परिच्छेदाच्या चौकटीतली ती बारीकशी टिक घालवून टाकायचीस. आज कुणी काही विचारलं नाही. टिक अजून तशीच आहे.

तुला जाऊन दोन महिने होत आले. मला अजून रडू आलेलं नाही. जेवते, झोपते, गुलमंडीतल्या आपल्या अक्षरजुळणीच्या दुकानाचा जिना चढून वेळेवर कुलूप उघडते, खाली कापडवाल्यांना नमस्कार करते. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचली की आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो ना, तसं सगळं चाललंय. दुखत नाही, याचीच थोडी भीती वाटते.

तुझ्या प्रज्ञानं मला मध्यंतरी विचारलं, "मावशी, तुमचं आणि आईचं नेमकं बिनसलं कशावरून?" आईच्या शेवटच्या दिवसांत तिची सगळ्यात जुनी मैत्रीण घरी फिरकली नाही, याचं कारण लेकीनं विचारलं तर सांगायला हवंच. मी सांगितलं. ओळ पुरली नाही की मशीन ओळीतला शेवटचा शब्द तोडतं, वरच्या ओळीच्या टोकाला एक आडवी रेघ ठेवतं आणि उरलेला तुकडा खालच्या ओळीत टाकतं. ते नको असेल तर टिक काढायची. मग शब्द अख्खे राहतात, पण दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हणून ओळीतल्या शब्दांमध्ये भगदाडं पडतात. मला भगदाडं नको असायची, तुझ्या आईला तुटलेले शब्द. प्रज्ञानं सगळं ऐकलं. म्हणाली, "एवढंच?" म्हटलं, हो, एवढंच.

सुरुवातीला तर आपलं एकमत होतं. जुन्या फॉन्टच्या काळात मशीनला मराठी कळायचंच नाही. ते आपल्या अक्षरांना इंग्रजी समजायचं आणि वाटेल तिथं सुरी चालवायचं. वेलांटी वरच्या ओळीत आणि तिचं अक्षर खाली. आपण दोघींनी एका लग्नपत्रिकेत वरबापाच्या नावाचे असे दोन तुकडे करून पाठवले होते आणि ते गृहस्थ जिन्यातूनच ओरडत वर आले होते. तेव्हा टिक काढणं हाच धर्म होता. पुढं नवे फॉन्ट आले, मशीनला मराठी शब्द कुठं तोडायचा हे बऱ्यापैकी कळायला लागलं. मी आनंदानं टिक लावली. तू मात्र हलली नाहीस.

"आता नीट तोडतंय ते. बघ तरी."

"नीट तोडलं म्हनून काय झालं? तोडलं ना?"

"सगळं जग तोडतं, सुनंदा. वर्तमानपत्रं बघ."

"जग गेलं खड्ड्यात. वाचनाऱ्याचा पाय अडखळतो, वैशे."

"वाचणारा काय पांगळा आहे?"

हे मी बोललेय. एकदा नाही, पुष्कळदा. त्यावर तू आपल्या खुर्चीवर जाऊन बसायचीस. मला वाटायचं, वाद मीच जिंकला.

आणि मग तुझी ती पद्धत. ओळीत भगदाड पडलं की तू आधी अक्षरांमधली जागा केसभर कमी-जास्त करून बघायचीस. नाही जमलं की सरळ लेखकाला फोन. "सर, बेचाळिसाव्या पानावर तुमचं 'अत्यंत' आहे ना, ते काढू का? ओळ बसंना." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. लेखकाच्या वाक्याला हात लावणारी जुळारीण उभ्या मराठवाड्यात दुसरी नसेल. पण तू न विचारता कधी एक काना बदलला नाहीस, आणि विचारण्यात अशी काही गोडी असायची की माणसं हो म्हणायची. एका कवीनं तेवढा फोन आपटला होता. एका कादंबरीवाल्यांची निम्मी विशेषणं तू अशी जागेपायी उडवलीस आणि पुढं कुणीतरी त्यांच्या संयत भाषेचं कौतुक केलं, तेव्हा ते पेढे घेऊन आले. पेढे तूच ठेवून घेतलेस, मला दोनच दिलेस.

शहराचं नाव बदललं तेव्हाही तेच. औरंगाबाद होतं तोवर पत्त्याची ओळ कशी अलगद बसायची. छत्रपती संभाजीनगर आल्यावर गावातल्या सगळ्या लेटरहेडच्या आणि व्हिजिटिंग कार्डांच्या शेवटच्या ओळी फुटायला लागल्या. लोक नावावरून भांडत होते आणि आपण दोघी ओळीवरून. मी म्हणत होते, तोडू आणि मोकळं होऊ. तू महिनाभर बसून प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता नव्यानं मांडलास, कुणाचा पिनकोड खाली घेतलास, कुणाचं 'समोर' काढून टाकलंस. मी तुला उंटावरची शहाणी म्हणाले. तू म्हणालीस, "उंटावरनं लांबचं दिसतं."

आता ती गोष्ट. टाळत टाळत इथवर आलेय.

मुख्याध्यापक सरांचं पुस्तक तुझं होतं. चितेगावाकडच्या शाळांमधल्या त्यांच्या आठवणी. तू ते अर्ध्याहून जास्त जुळवलंस आणि मग तुझं पोटाचं ऑपरेशन निघालं. सरांचा पंच्याहत्तरीचा कार्यक्रम ठरलेला, पाहुणे सांगून झालेले. मी तुझ्या पद्धतीनं फाईल लावली तर पानं आली एकशे एक्याऐंशी. छपाई सोळा-सोळा पानांच्या फॉर्मनं होते, अकरा फॉर्म म्हणजे एकशे शहात्तर. वरच्या पाच पानांसाठी पुढचा फॉर्म चढवावा लागत होता आणि छापखानेवाले दारात उभे. तू दवाखान्यात होतीस. तुला विचारता आलं असतं. दुसऱ्या दिवशीपासून तू फोनवर बोलत होतीस, मला माहीत होतं. मी विचारलं नाही, कारण तू काय म्हणणार तेही मला माहीत होतं. मी टिक लावली. पुस्तक एका झटक्यात एकशे शहात्तरमध्ये बसलं. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा, हेही सांगून टाकते.

तू घरी आल्यावर मी स्वतः चिकलठाण्याला प्रत घेऊन आले. तू उशीला टेकून बसली होतीस. चार पानं चाळलीस, मग दुसरीकडून चार चाळलीस. तू ओरडली असतीस तर मी पण ओरडले असते आणि आठवड्यात सगळं विसरलो असतो. तू बारीक आवाजात म्हणालीस, "माझं नाव काढ त्याच्यातनं."

"छापून झालंय, सुनंदा."

"मंग नेऊन ठेव तिकडं."

मीही नाकावर राग घेऊन उठले. तुझ्या आईनं चहा टाकला होता, तो न घेता निघाले. जालना रोडला येईपर्यंत मनाशी म्हणत होते, एका रेघेसाठी एवढा माज. त्यानंतर रोज ठरवायची, येत्या रविवारी जाऊ. तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. असे नऊ रविवार गेले आणि मग एका मंगळवारी प्रज्ञाचा फोन आला. तिनं जे सांगितलं ते मी उभ्यानंच ऐकलं आणि "बरं" म्हणाले. बरं!

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका मी करावी असं प्रज्ञानं सांगितलं. "आईची पत्रिका दुसऱ्या कुणाकडून कशी करायची?" असं म्हणाली. मी बसले आणि पाऊण तासात केली. हात आपोआप चालत होते. तुझा फोटो लावला, वंदनेची वेळ, पत्ता, निमंत्रकांची नावं, सगळं दोनदा तपासलं. एकही चूक नव्हती. टिककडं माझं लक्षच गेलं नाही. मागून कुणी विचारलं नाही ना.

कार्यक्रमाच्या दिवशी तुमच्या घरासमोर मांडव होता. जय भीम करून लोक येत होते, बसत होते. मी तुझ्या आईजवळ जाऊन बसले. तिच्या हातात पत्रिका होती. ती ओळीखाली बोट ठेवून वाचत होती, ओठ हलवत, एकेक शब्द सावकाश. बोट ओळीच्या काठाशी गेलं आणि थांबलं. "पुण्यानु," ती म्हणाली. परत मागं आली, परत काठाशी गेली. "पुण्यानु." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "हे अर्धंच छापलंय का गं?"

प्रज्ञा मागून वाकली. "नाय आजी, खाली आहे पुढचं. हे बघ, मोदनाचा." आणि मला हळूच म्हणाली, "आजीला तुटलेला शब्द नाय लागत, मावशी. ती चाळिशीत शिकली ना वाचायला. आईनंच शिकवलं, आई सातवीत असताना. आई प्रत्येक पुस्तक आधी तिला वाचायला द्यायची. जिथं आजी अडली तिथं खूण करायची."

सतरा वर्षं, सुनंदा. आपल्या प्रत्येक पुस्तकाची पहिली वाचक चिकलठाण्यात बोट ठेवून वाचत बसलेली होती, आणि मी गुलमंडीत बसून तुला विचारत होते, वाचणारा पांगळा आहे का. तू का सांगितलं नाहीस, यावर मी पुष्कळ विचार केला. आधी वाटलं, तुला लाज वाटत असेल. पण तुला तुझ्या आईची लाज कधी वाटली? मग लक्षात आलं की मी कधी विचारलंच नव्हतं. मी फक्त वाद घालत होते. आमच्या घरी आजोबा कारकून, पणजोबा पंचांग सांगायचे, भिंतीला टेकलं तरी पाठीला पुस्तक लागायचं. ओळीच्या टोकाला तुटलेला शब्द खालच्या तुकड्याला जोडून वाचायचा असतो, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. मला वाटायचं, ते सगळ्यांना जन्मतः येतं. याची मला शरम वाटते.

तुझ्या आईनं मला रागावायला हवं होतं. तिनं पत्रिका घडी करून कनवटीला खोचली आणि विचारलं, "त्या मास्तरचं पुस्तक झालं का नीट?"

"कोणतं, आई?"

"तेच की. शाळेचं. म्या मागितलं तर म्हनली, थांब माय, त्याच्यात बिघाड झालाय, नीट करून देते. शेवटचं काम व्हतं तिचं. तेवढं वाचायचं राह्यलं माझं. देशील का तू?"

मी "देते" म्हणाले. पिशवीत एक प्रत होती माझ्या, सरांनी प्रज्ञासाठी दिलेली. पानापानावर रेघा असलेली. ती मी बाहेर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञानं तुझा लॅपटॉप आणून दिला, दुकानाच्या फाईली त्यात आहेत म्हणून. सरांचं फोल्डर सापडलं. तुझी फाईलींना नावं द्यायची तऱ्हा तीच. फायनल, फायनल दोन, खरं फायनल. त्याखाली एक फाईल होती, नाव नुसतं 'आता बघ'. शेवटची साठवलेली तारीख तू जायच्या चार दिवस आधीची. उघडली. टिक काढलेली. पहिल्या पानापासून खाली आले. एक रेघ नाही, एक भगदाड नाही, दोन्ही कडा सुतात. एकशे बाराव्या पानापर्यंत असं. तिथपर्यंत तू तीन पानं वाचवली होतीस. पुढं मात्र सगळं कच्चंच होतं, ओळी फाटलेल्या.

मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "हो, सुनंदाताई रोज फोन करायच्या की. कधी एक शब्द, कधी दोन. मी एकदा विचारलं, ताई, पुस्तक तर छापून झालं, आता कशाला? तर म्हणाल्या, वैशालीला दाखवायचंय, बसतं म्हणून."

मी फोन ठेवला. मला दुःख झालं म्हणावं तर तसं नाही, मला तुझा भयंकर राग आला. टाके ओले असताना उशीला टेकून तू एकेक ओळ आवळत होतीस, सरांना रोज फोन करत होतीस, आणि मला एक करता आला नाही? पण तू येणार होतीस. पुस्तक घेऊन जिना चढणार होतीस, माझ्या टेबलावर आपटणार होतीस. मी नऊ रविवार समजत होते की आपण संपलो, आणि तू तिकडं वादाची पुढची फेरी तयार करत होतीस. राग ओसरल्यावर हे कळलं. तेव्हापासून थोडा श्वास येतोय. उपकार म्हणण्यासारखं आहे ते, पण तू तो शब्द खोडून टाकला असतास.

एकशे तेरापासून मी बसले. पहिली ओळ बसवायला अर्धा तास लागला. जागा कमी केली तर अक्षरं दाटीवाटीनं उभी राहायची, वाढवली तर शब्द सुटे दिसायचे. मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे आणि मला एक ओळ येईना. सरांना फोन केला, "सर, 'अतिशय' काढू का?" ते म्हणाले, "काढा. तुम्हा दोघींना माझं अतिशय फार खटकतं." उरलेल्या पानांना तीन आठवडे गेले. दुकानातली बाकीची कामं मागं पडली, गिऱ्हाइकं बोलली. बोलू दिलं.

शेवटी आलं एकशे सत्त्याहत्तरवर. एक पान उरलंच, काही केल्या आत जाईना. तू असतीस तर तेही घातलं असतंस. तशी नियमानं मी वाद जिंकले, सुनंदा, एका पानानं.

एकच प्रत काढली. आपल्याच प्रिंटरवर, जाडसर कागदावर, आणि शिवून घेतली. नेऊन तुझ्या आईच्या हातात दिली. ती दुपारची सात-आठ पानं वाचते. मी रोज संध्याकाळी प्रज्ञाला फोन करत होते, "आजी कितव्या पानावर?" प्रज्ञाला वाटलं असेल, मावशीचं डोकं फिरलं. अठ्ठावीस. सत्तेचाळीस. नव्वद. कुठं अडल्या का? नाय, मावशी, कुठंच नाय.

परवा एकशे पाच म्हणाली, म्हणून काल दुपारी मीच गेले. तुझी आई दाराशी उजेडाला बसली होती. मी शेजारी बसले आणि तिच्या बोटाकडं बघत राहिले. एकशे बारावं पान डावीकडं, एकशे तेरावं उजवीकडं. मधे पान उलटायचंसुद्धा नव्हतं. बोट तुझ्या शेवटच्या ओळीच्या काठापर्यंत गेलं, उचललं, उजवीकडच्या पानावर टेकलं. ओठ हलत होते. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. काठाशी जाऊन बोट मुकाट खाली उतरत होतं. पान संपलं तेव्हा तिनं मान वर केली.

"माझी सुनंदा कुठंच अडू देत नाय बघ," ती म्हणाली.

मी व्हय म्हणाले.